मामूंचे कथील आणि उन्हाची भट्टी

आमचे मामू कल्हईवाले. तालुक्याच्या गावी, मशिदीमागच्या गल्लीत त्यांनी जवळजवळ चाळीस वर्षे हा धंदा केला. शाबान महिना लागला की त्यांच्या दारात तांब्याच्या देगा, पातेली आणि तबके यांची रास पडायची. जमिनीत खणलेला खड्डा, त्यात कोळसा, बाजूला चामड्याचा भाता. भांडे चांगले तापले की मामू त्यात नवसागराची चिमूट टाकायचे, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने हात गोल फिरवायचे. बघता बघता काळवंडलेले भांडे आतून चांदीसारखे व्हायचे. आम्ही भाचरे भाता मारायला भांडायचो.

आता मामूंनी सत्तरी ओलांडली आहे. जिना चढताना त्यांना धाप लागते. काही वर्षांपूर्वी डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहून त्यांना विचारले, “चाचा, विडी किती वर्षं ओढता?” मामूंनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. “विडी नाही साहेब,” ते म्हणाले, “भट्टी ओढली.”

हे सगळे आठवायचे कारण म्हणजे वर्गातला एक प्रश्न. माझे विषय उर्दू आणि मराठी. पण शाळेतले विज्ञानाचे सर दीर्घ रजेवर गेले आणि दहावीचे तास माझ्या वाट्याला आले. ‘धातुविज्ञान’ हा धडा चालू होता. खनिजातून लोखंड काढायचे तर कोळसा, जस्त काढायचे तर कोळसा, असे मी फळ्यावर लिहीत होते. मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. “मिस, कोळसाच का? एवढं ऊन पडतं आपल्याकडे. उन्हाने धातू नाही का निघणार?”

वर्ग खो-खो हसला. मुलगी खाली बसली. मी मात्र हसू शकले नाही, कारण मला उत्तर ठाऊक नव्हते. “उद्या सांगते,” असे म्हणून मी वेळ मारून नेली. तो ‘उद्या’ यायला चार महिने लागले. या चार महिन्यांत जे वाचले, समजून घेतले आणि शेवटी हाताने करून पाहिले, ते आज इथे मांडते आहे.

वितळणे वेगळे, सुटणे वेगळे

आधी माझी स्वतःचीच एक चुकीची समजूत दुरुस्त करावी लागली. मला वाटायचे, दगड तापवला की त्यातला धातू वितळून बाहेर येतो. तसे नसते. सोन्यासारखे थोडे धातू सोडले तर बाकीचे जमिनीत एकटे सापडत नाहीत. लोखंड ऑक्सिजनशी जोडलेले असते. जस्त आणि तांबे बहुधा गंधकाशी. धातू मिळवायचा म्हणजे ही जोडी तोडायची. कोळसा इथे दोन कामे करतो. एक तर तो जळून उष्णता देतो. दुसरे म्हणजे त्यातला कार्बन ऑक्सिजनला आपल्याकडे ओढून घेतो आणि धातू मोकळा होतो. पुस्तकात याला ‘क्षपण’ म्हणतात.

ही दोन कामे वेगळी आहेत, हे ध्यानात आले आणि मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले. दुसरे काम सूर्याला सहजासहजी जमणार नाही. पण पहिले काम, म्हणजे नुसती उष्णता देण्याचे, त्याला का जमू नये?

एका धातूच्या बाबतीत तर सूर्याने दोन्ही कामे एकट्याने केली आहेत, आणि तीही अडीचशे वर्षांपूर्वी. १ ऑगस्ट १७७४ रोजी इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली यांनी बारा इंच व्यासाचे एक मोठे भिंग घेतले आणि पाऱ्याच्या तांबड्या भस्मावर सूर्याची किरणे एकवटली. भस्मातून एक वायू सुटू लागला. त्या वायूत मेणबत्ती कमालीच्या तेजाने जळाली. हाच ऑक्सिजन. शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट ऑक्सिजनच्या शोधाची म्हणून येते. पण वायू निघून गेल्यावर भस्माच्या जागी काय उरते? चकाकणारा पारा. म्हणजे उन्हाने ऑक्सिजनला हाकलले आणि धातू मोकळा केला, कोळशाच्या एका कणाशिवाय. पारा आणि ऑक्सिजन यांची जोडी कच्ची असते, सुमारे ५०० अंश सेल्सिअसला ती तुटते, म्हणून हे जमले. जस्त, लोखंड यांची गाठ याहून फार पक्की आहे.

आतशी शीशा

उर्दूत भिंगाला ‘आतशी शीशा’ म्हणतात, म्हणजे आगीची काच. लहानपणी आजोबांच्या चष्म्याच्या काचेने कागद जाळलेल्या प्रत्येकाला हे नाव पटेल. या आगीच्या काचेचे गणित मांडणाऱ्यांत आपल्या परिचयाची दोन नावे आहेत. दहाव्या शतकात, इसवी सन ९८४च्या सुमारास बगदादमध्ये इब्न सहल यांनी जाळणारे आरसे आणि भिंगे यांवर ग्रंथ लिहिला. काचेत शिरताना किरण किती वाकतो, याचा नियम त्यांनी त्यात मांडला होता. युरोपात तो नियम सापडायला सतरावे शतक उजाडावे लागले. त्यांच्यानंतर बसऱ्यात जन्मलेले आणि कैरोत हयात घालवलेले इब्न अल-हैसम यांनी अन्वस्त आकाराच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, आरशावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. हा आकार असा असतो की त्यावर समांतर पडलेली सगळी किरणे परत फिरून एकाच बिंदूत येतात.

हा आकार आपल्या ओळखीचा आहे. गच्चीवरची टीव्हीची तबकडी त्याच आकाराची असते. शिर्डीच्या प्रसादालयाच्या छपरावर अशाच आकाराच्या ७३ मोठ्या तबकड्या आहेत. त्या उन्हाने वाफ करतात आणि त्या वाफेवर हजारो माणसांचे जेवण शिजते.

तत्त्व हजार वर्षांचे जुने. मग धातूच्या कारखान्यात आजही कोळसा आणि डिझेलच का? याचे उत्तर शोधताना मला कळले की प्रश्न एकदम ‘उन्हाने धातू निघेल का’ असा विचारायचाच नाही. आधी विचारायचे, ‘किती अंश लागतात?’ स्वयंपाकघरात आपण तेच करतो. दूध कोमट करायला आणि देग चढवायला एकच चूल पेटवत नाही.

पहिली पायरी : ५० अंश

दक्षिण अमेरिकेतील चिली हा देश जगात सर्वांत जास्त तांबे काढतो. त्याच्या उत्तरेला अटाकामाचे वाळवंट आहे. पृथ्वीवर सर्वांत प्रखर ऊन जिथे पडते, त्यांत या वाळवंटाचा क्रमांक वरचा. तिथे ‘गॅब्रिएला मिस्त्राल’ नावाची तांब्याची खाण आहे. हे नाव वाचून मी थबकले, कारण गॅब्रिएला मिस्त्राल ही चिलीची कवयित्री. १९४५चे साहित्याचे नोबेल तिला मिळाले. आणि ती मुळात गावोगावच्या शाळांत शिकवणारी शिक्षिका होती! खाणीला शिक्षिकेचे नाव देणारा देश मला आवडून गेला.

या खाणीत भट्टी नाही. तिथले तांब्याचे खनिज दगड फोडून मोठ्या ढिगाऱ्यात रचतात आणि वरून सौम्य गंधकाम्ल ठिबकवतात. ठिबक सिंचनासारखेच. आम्लात तांबे विरघळते, निळे-हिरवे पाणी खाली गोळा होते. ते शुद्ध करून टाक्यांत नेतात आणि त्यातून वीज सोडतात. पाण्यातले तांबे पत्र्यावर थरथराने चढत जाते. हे द्रावण पन्नास अंशांच्या आसपास ऊन राहिले, तर वीज नीट वाहते आणि तांब्याचा थर गुळगुळीत, एकसारखा बसतो. थंड पडले तर थर खडबडीत होतो. तयार पत्रे धुवायलाही गरम पाणी लागते. म्हणजे आपल्या आंघोळीच्या पाण्याहून थोडेसेच जास्त तापमान! आणि एवढ्यासाठी वाळवंटात टँकरने डिझेल आणून बॉयलर पेटवायचे.

२०१३ मध्ये तिथे ‘पाम्पा एल्विरा सोलार’ हा उष्णतेचा प्रकल्प सुरू झाला. आपल्या गच्चीवरच्या सौर बंबाचेच हे मोठे भावंड: सपाट काळ्या पेट्या, वर काच, आतून वाहणारे पाणी. अशा पेट्यांचे एकूण क्षेत्रफळ ३९,३०० चौरस मीटर, म्हणजे पावणेदहा एकरांच्या घरात. रात्रीसाठी गरम पाणी साठवायची टाकी सुमारे ४० लाख लिटरची. द्रावण तापवायला आणि पत्रे धुवायला लागणाऱ्या उष्णतेपैकी सुमारे ८५ टक्के उष्णता उन्हातून मिळावी, असा त्याचा आराखडा. गंमत म्हणजे या पेट्या बनवल्या डेन्मार्कच्या कंपनीने. जिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम दर्शन देतो, त्या देशाने.

इथे एक मुद्दा मी वर्गात दोनदा सांगितला. सौर पॅनेल उन्हाची वीज करते, तेव्हा पडलेल्या उन्हापैकी साधारण पाचवा हिस्साच विजेत उतरतो. पाणी तापवणारी काळी पेटी मात्र निम्म्याच्या आसपास ऊन पाण्यात उतरवू शकते. जिथे नुसती ऊब हवी, तिथे उन्हाची आधी वीज आणि विजेची पुन्हा ऊब करणे म्हणजे द्राविडी प्राणायाम.

दुसरी पायरी : ६०० अंश

पुढची पायरी आपल्या महाराष्ट्राच्या जवळची आहे. नागपूर, भंडारा आणि शेजारचा मध्य प्रदेशातील बालाघाट हा मँगनीजच्या खनिजाचा पट्टा. देशात हे खनिज सर्वांत जास्त काढणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरातच आहे. मँगनीजचे नाव आपण क्वचित घेतो, पण ते मिसळल्याशिवाय पोलाद होत नाही. घराच्या सळईत ते आहे, रेल्वेच्या रुळात आहे, सुरीच्या पात्यातही आहे.

मँगनीजचे खनिज विजेच्या प्रचंड भट्टीत कोक टाकून तापवतात. खनिज भट्टीत थंड आणि ओलसर गेले, तर त्याला तापवण्यातच बरीच वीज आणि कोक खर्च होतो. युरोपीय संघाच्या मदतीने २०१८ मध्ये एक संशोधन प्रकल्प सुरू झाला. दक्षिण आफ्रिकेतील मिंटेक ही खनिज-संशोधन संस्थाही त्यात होती. भट्टीत जाण्याआधीच खनिज सूर्याच्या उष्णतेने ६०० अंशांपर्यंत तापवता येईल का, हे त्यांनी तपासायला घेतले. प्रकल्पाच्या लांबलचक इंग्रजी नावाचे संक्षिप्त रूप ‘प्रेमा’ असे होते. वर्गात हे नाव सांगताच मुलींना हसू आवरेना.

कल्पना साधी आहे. भट्टीचे काम सूर्याने हिसकावून घ्यायचे नाही. तिच्या दारापर्यंत खनिज तापवून आणून द्यायचे. आपण डाळ आधी भिजत घालतो, म्हणजे पुढे गॅस कमी लागतो, तसेच हे. आपल्या मँगनीजच्या पट्ट्यातही उन्हाची वानवा नाही. विदर्भाचा मे महिना ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

तिसरी पायरी : १,२०० अंश

आता खरी परीक्षा. उन्हाने धातूची पक्की जोडी तुटते का? याचे उत्तर जस्ताने दिले.

जस्त हा खोडकर धातू. तो ४२० अंशांना वितळतो आणि ९०७ अंशांना त्याची चक्क वाफ होते. ती वाफ हवेत निसटली की पुन्हा ऑक्सिजनशी जोडी जमवते, हाती उरते पांढरी राख. म्हणून तांबे आणि लोखंड माणसाला हजारो वर्षे ठाऊक असली, तरी शुद्ध जस्त फार उशिरा हाती आले. ते मोठ्या प्रमाणावर काढणाऱ्या जगातल्या सर्वांत जुन्या ठिकाणांत राजस्थानातील जावर येते. मातीच्या वांग्यासारख्या भांड्यांतून जस्ताची वाफ खाली उतरवून थंड करायची युक्ती तिथल्या कारागिरांनी काढली होती. ती भांडी आजही तिथे ढिगाने पडलेली दिसतात.

नुसत्या उष्णतेने जस्ताच्या भस्मातून ऑक्सिजन हाकलायचा, तर २,००० अंशांच्या आसपास जावे लागते. थोडा कोळसा सोबतीला दिला, तर हजार ते बाराशे अंश पुरतात. युरोपातील संशोधकांनी हाच मध्यम मार्ग निवडला. स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर इन्स्टिट्यूटसह काही संस्थांच्या ‘सोलझिंक’ या प्रकल्पात २००५च्या सुमारास इस्रायलमधील रेहोवोत येथील सूर्यमनोऱ्यावर ३०० किलोवॉटची चाचणी भट्टी चालवली गेली. आरशांच्या शेताने ऊन एकवटले, भट्टीत जस्ताचे भस्म आणि लाकडी कोळसा होता. ताशी सुमारे ५० किलो जस्त मिळाले, तेही ९५ टक्के शुद्ध.

यातली एक युक्ती आपल्या बायकांना चटकन कळेल. ऊन आत घ्यायला भट्टीला काचेची खिडकी हवी. पण जस्ताची वाफ काचेवर बसली की काच आंधळी होते. मग त्यांनी भट्टीचे दोन मजले केले. ऊन वरच्या मजल्यात येते आणि मधल्या तबकाला लाल करते. ते तापलेले तबक खालच्या मजल्यातल्या भस्माला तापवते. बिर्याणीला दम देताना झाकणावर निखारे ठेवतो ना? अगदी तसेच. निखाऱ्याच्या जागी सूर्य.

कोळसा इथेही लागलाच, हे खरे. पण आठवा, कोळशाची कामे दोन. तापवण्याचे काम सूर्याने उचलले. कोळसा उरला तो फक्त ऑक्सिजन ओढून घेण्यापुरता. आणि तो जमिनीतल्या दगडी कोळशाऐवजी लाकडाचा असू शकतो.

वरची पायरी आणि खालची जमीन

याहूनही वर जाता येते. फ्रान्समध्ये पिरेनीज डोंगरातील ओदेयो गावी १९७०च्या सुमारास एक सौर भट्टी सुरू झाली. समोरच्या उतारावरचे ६३ सपाट आरसे सूर्याबरोबर वळतात आणि ऊन एका भल्यामोठ्या अंतर्गोल आरशावर फेकतात. हा आरसा ५४ मीटर उंच, साधारण अठरा मजली इमारतीएवढा. त्याच्या केंद्राशी ३,००० अंशांहून जास्त तापमान मिळते. लोखंड १,५३८ अंशांनाच वितळते. तशीच एक भट्टी उझबेकिस्तानात ताश्कंदजवळ पारकेंट इथे सोव्हिएत काळात, १९८०च्या दशकात उभी राहिली. आजच्या उझबेकिस्तानात मोडणाऱ्या ख्वारिज्ममध्ये जन्मलेल्या अल-बेरुनींनी हजार वर्षांपूर्वी रत्ने आणि धातूंवर ग्रंथ लिहिला होता, धातूंची घनता विलक्षण अचूकपणे मोजली होती. त्यांच्या देशात उन्हाची भट्टी असावी, हे मला फार शोभून दिसले.

मग मुलांनी विचारले, “एवढं तापमान मिळतं, तर सगळे कारखाने असे का नाहीत?”

पहिले कारण म्हणजे रात्र. पोलादाची भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे विझवत नाहीत. रोज संध्याकाळी थंड झाली तर आतली धातू थिजेल, विटांना तडे जातील. उलट ५० अंशांचे पाणी टाकीत रात्रभर राखता येते. म्हणून खालच्या पायरीवर ऊन कारखान्यात कधीच पोहोचले आहे आणि वरच्या पायरीवर ते अजून प्रयोगशाळेतच आहे. दुसरे कारण जागा. तीव्र उष्णतेसाठी आरशांचे शेत लागते, त्यावर धूळ बसून चालत नाही, आणि आरसे पुसायला वाळवंटात पाणी कुठून आणायचे?

तिसरी गोष्ट कारण नव्हे, इशारा आहे. ऊन फुकट, पण ऊन वापरून काढलेला धातू फुकट नसतो. त्याच अटाकामात एका विस्तीर्ण खाऱ्या पठारावर मोबाइलच्या आणि गाड्यांच्या बॅटरीसाठी लिथियम काढतात. जमिनीखालचे खारे पाणी उपसून उथळ तळ्यांत सोडायचे आणि ऊन-वाऱ्याने आटू द्यायचे. उरणच्या मिठागरासारखेच, फक्त इथे वर्ष-दीड वर्ष लागते. इंधन जवळजवळ नाही. पण जगातल्या सर्वांत कोरड्या प्रदेशातले पाणी हवेत उडून जाते, आणि तिथले मूळ रहिवासी आपल्या झऱ्यांची काळजी वाहत वर्षानुवर्षे आवाज उठवत आहेत. तांब्याच्या खाणीतही डिझेल वाचले म्हणून खड्डा बुजत नाही, आम्ल सांभाळायचे काम सुटत नाही.

तरीही हा प्रयत्न का हवा? एक टन पोलाद तयार होताना जगात सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. माणसाने सोडलेल्या या वायूत पोलादाचा वाटा सात ते नऊ टक्के आहे, असे तो उद्योगच सांगतो. पवनचक्की, विजेची गाडी, सौर पॅनेल, सगळ्याला तांबे आणि पोलाद लागणारच. स्वच्छ वस्तू बनवायला धुराची भट्टी लागावी, हे कोडे कधीतरी सोडवावे लागेल. सूर्य ते एकट्याने सोडवणार नाही. पण जेवढे अंश तो चढवेल, तेवढा कोळसा जमिनीत राहील.

मामूंची पळी

उत्तर वाचून झाले. पण त्या मुलीच्या डोळ्यांत अजून ‘दाखवा’ असा भाव होता. विज्ञान प्रदर्शन जवळ आले होते. एका मुलाच्या वडिलांच्या भंगाराच्या दुकानातून टीव्हीची जुनी मोठी तबकडी मिळाली. फ्रेमवाल्याने आरशाचे उरलेले तुकडे दिले. दोन शनिवार खपून मुलांनी ते टिकल्यांसारखे तबकडीवर चिकटवले. लोखंडाची एक जुनी पळी दिव्याच्या काजळीने काळी केली, म्हणजे ती ऊन परतवणार नाही, पिऊन घेईल. आणि कथील? ते मामूंकडून आले. त्यांनी पेटीच्या तळातून फडक्यात बांधलेली कांडी काढली. “बघायला मीपण येतो,” म्हणाले.

जानेवारीतली सकाळ. शाळेच्या पटांगणात मामूंना खुर्ची दिली. सगळ्यांना दूर उभे केले, जवळच्या दोघांना वेल्डिंगचे काळे चष्मे दिले. हे पालकांना आवर्जून सांगते : अशा आरशाकडे किंवा त्याच्या प्रकाशबिंदूकडे उघड्या डोळ्यांनी पाहायचे नाही, आणि मोठे माणूस सोबत नसताना हा प्रयोग करायचा नाही.

पहिल्या पाच मिनिटांत काहीच झाले नाही. सूर्य सरकत होता आणि उजेडाचा ठिपका पळीवरून घसरत होता. मग त्या मुलीने तबकडी दर दोन मिनिटांनी थोडी थोडी वळवायला सुरुवात केली. ओदेयोचे ६३ आरसे जे काम करतात, तेच ती हाताने करत होती. थोड्या वेळाने कथलाच्या तुकड्याची कडा गोल झाली, तो बसकण मारल्यासारखा खाली बसला आणि पळीत चकचकीत थेंब थरथरू लागला. कथील २३२ अंशांना वितळते. हा धातू खनिजातून काढलेला नव्हता, नुसता वितळवलेला होता, हा फरक आता वर्गातल्या प्रत्येकाला सांगता येत होता. पण कोळशाशिवाय धातूचे पाणी झाले होते. पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

तेवढ्यात एक पातळ ढग सरकत आला. थेंब मंद झाला, सुरकुतला, थिजला.

मामू हसले. “भाता मारायला गडी तर चांगला ठेवलास बेटा, पण हा ढगाला घाबरतो.” मग ते उठून पळीजवळ गेले. सवयीने त्यांनी तोंड बाजूला वळवले, खांद्यावरचा रुमाल नाकाशी धरला आणि क्षणभर तसेच थांबले. रुमाल खाली घेत त्यांनी मला विचारले, “आणि धूर?”

“नाही मामू. धूर नाही.”

ते बराच वेळ पळीकडे बघत राहिले.

त्या मुलीने यंदा अकरावीला विज्ञान घेतले. कॉलेज तालुक्याला, एसटीने जावे लागते म्हणून तिच्या अब्बांचे मन तयार होत नव्हते. प्रदर्शनात तिने पाहुण्यांना समजावून सांगताना त्यांनी ऐकले आणि त्यांनीच फॉर्म आणला. आपल्या घरातही अशी प्रश्न विचारणारी मुले असतील. त्यांचे प्रश्न कधी वेडगळ वाटतील, कधी आपल्याला उत्तर येणार नाही. अशा वेळी हसण्यापेक्षा ‘उद्या सांगते’ म्हणावे, आणि तो ‘उद्या’ खरेच आणावा.